बोर्डाची लाईट की सोलर? घरातली उपकरणं इकडून तिकडे फिरवायची कशी?

बार्शीकर_७२ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गच्चीवर ३३० वॅटची चार पॅनेल बसवून दीड वर्ष झालं. खाली २४ व्होल्टचा, २ केव्हीएचा सोलर इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. हॉल आणि दोन खोल्यांचे दिवे-पंखे त्यावर चालतात. फ्रिज, टीव्ही, मुलीचा कॉम्प्युटर आणि वायफायचा राउटर मात्र बोर्डावर, म्हणजे महावितरणच्या लाईटवर.

उन्हाळ्यात अकरालाच बॅटऱ्या फुल्ल होतात. मग पाचपर्यंत वर एवढं ऊन वाया जातंय आणि खाली मीटर पळतोय, हे बघवत नाही. म्हणून गेल्या महिन्यात या उपकरणांची लाईन वेगळी काढून भिंतीवर चेंजओव्हर बसवला. वर केला की सोलर, खाली केला की बोर्ड. सकाळी साडेदहाला वर, संध्याकाळी पाचला खाली.

आता त्रास ऐका. खटका कितीही झटकन मारला तरी कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होतो. राउटरला नेट धरायला तीन मिनिटं लागतात. फ्रिज परवा नुसता गुंsss करत राहिला, मग टक् करून गप्प, परत गुंsss. घाबरून पिन काढली. शिवाय चेंजओव्हर लावल्यापासून मेनमधला ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा खटका) अधूनमधून पडतो. वायरमन म्हणतो, ईएलसीबी खराब झालाय, नवा घ्या.

यापेक्षा वेगाने फिरणारा ऑटोमॅटिक स्विच मिळतो का? कोणी वापरलाय का?

खडीसाखर | रात्री ९:२२

आमच्याकडेही फ्रिजचं अगदी हेच. वाचतेय.

टेस्टर_खिशात | रात्री ९:४०

बार्शीकर, ईएलसीबी बदलू नका, तो बरोबर काम करतोय. चेंजओव्हर एका पोलचा आहे की दोन? म्हणजे फक्त फेज फिरते की न्यूट्रलही फिरतो?

बार्शीकर_७२ | रात्री ९:५१

आत्ता टॉर्च लावून बघितलं. फक्त फेज. न्यूट्रल सगळ्यांचा एकच पट्टीवर आहे.

टेस्टर_खिशात | रात्री १०:१५

मग दुखणं तिथेच आहे. एकतीस वर्षं इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग केलंय, असली घरं शेकड्याने बघितली.

ईएलसीबी फक्त एकच हिशेब बघतो: फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो, कारण तेवढा करंट माणसाच्या अंगातून जात असू शकतो. तुमच्याकडे फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रलची पट्टी बोर्डाची. करंट एका दाराने जातो आणि दोन दारांनी परततो. हिशेब जुळणार कसा?

यात जिवाची भीतीही आहे. बोर्डाचं मेन बंद करून तुम्ही काम करत असाल, तरी त्या सामाईक न्यूट्रलवरून सोलरचा करंट फिरत असतो. तो कुठे सैल झाला आणि तुमचा हात लागला, तर मेन बंद असूनही झटका.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा रोटरी चेंजओव्हर घ्या. १-०-२ लिहिलेला असतो, मधे शून्य म्हणजे दोन्हीकडून सुटलेला. तुमच्या लोडला ३२ अँपिअर भरपूर. त्या लाईनचा न्यूट्रल सामाईक पट्टीवरून सोडवून स्वतंत्र आणायचा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

सुलभा_नाशिक | रात्री १०:३८

टेस्टरकाकांना पूर्ण अनुमोदन. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून कॉम्प्युटर आणि फ्रिजबद्दल लिहिते.

टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर यांच्या आत २३० व्होल्ट एसीचं आधी डीसी होतं आणि एका मोठ्या कपॅसिटरवर साठतं. बाहेरची लाईट गेली की उपकरण त्या साठ्यावर तग धरतं. किती वेळ? पूर्ण लोडवर साधारण १५ ते २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाएवढा. हाताने खटका वरून खाली जायला अर्धा सेकंद तरी जातो, म्हणजे ५०० मिलिसेकंद. तुम्ही कितीही झटकन मारा, पंचवीस पटीने उशीर होणारच. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

फ्रिजचं वेगळं. कॉम्प्रेसर चालू असताना एका बाजूला गॅसचा दाब चढलेला असतो. मधेच थांबून लगेच सुरू करायला गेलात तर त्या दाबाविरुद्ध मोटर फिरू शकत नाही. अडकते, गुंsss करते, गरम होते, मग आतला ओव्हरलोड टक् करून तिला तोडतो. दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून तर फ्रिजच्या स्टॅबिलायझरला टाइम डिले असतो.

झेलमचा_काठ | रात्री १०:५५

म्हणजे वेगवान ऑटोमॅटिक स्विच हाच उपाय ना? कॉन्टॅक्टरचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने फिरणारे, मिळतात.

सुलभा_नाशिक | रात्री ११:०४

साध्या कॉन्टॅक्टरला अर्धा सेकंद नाही लागत, पण वीस मिलिसेकंदात बसेलच याची खात्री नाही. हाताने फिरवायचाच असेल तर मी उलट सांगेन, सावकाश फिरवा. शून्यावर आणा, उपकरणं बंद करा, चहा ठेवा, पाच मिनिटांनी पुढे न्या.

कारण सांगते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये सुरुवातीचा झोत अडवायला एक छोटा थर्मिस्टर असतो. थंड असताना तो अडवतो, गरम झाला की वाट देतो. चालू उपकरण क्षणभर बंद करून परत दिलं, तर तो अजून गरमच असतो आणि रिकामा कपॅसिटर एकदम करंट ओढतो. चेंजओव्हरचे पॉइंट त्यानेच काळे पडतात, कधी चिकटतात.

झेलमचा_काठ | रात्री ११:०९

हे नवीन कळलं. मी आजवर जोरात खटका मारायचो.

उन्हाचा_धंदा | सोमवार, सकाळी ७:४५

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे. बार्शीकरांनी बॅटरीवाला सोलर सोडून नेट मीटरिंग करावं. दिवसा जास्त झालेली वीज ग्रिडला जाते, बिलात वळती होते. ऊन वाया जात नाही, खटका नाही, बॅटरी नाही, पाणी घालणं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, आणि ३ किलोवॅट किंवा वर ७८ हजार अनुदान. माझ्याकडे ३ किलोवॅट आहे, उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट येतात.

दापोलीची_मुक्ता | सकाळी ८:३०

धंदाभाऊ, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण लाईट गेल्यावर तुमच्या घरात काय चालतं?

उन्हाचा_धंदा | सकाळी ८:४१

काही नाही. लाईट गेली की सोलरही बंद. तसा नियमच आहे, लाईनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून.

दापोलीची_मुक्ता | सकाळी ९:१२

तेच सांगायचं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोलीही त्यात सापडली. आमच्या वाडीत खांब आडवे, माडाच्या झावळ्या तारांत. तीन आठवडे लाईट नव्हती. शेजाऱ्यांच्या छपरावर पॅनेल होती, एकही फुटलं नव्हतं, लख्ख ऊन पडायचं, आणि घरात काळोख. त्यांचा ग्रिडवाला होता. आमच्याकडे एक पॅनेल आणि एक जुनी बॅटरी, तेवढ्यावर सगळ्या वाडीचे मोबाईल चार्ज व्हायचे. ओटीवर बावीस मोबाईल रांगेत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

बिल वाचवणं आणि अंधारात उजेड असणं, ही दोन वेगळी कामं आहेत. बार्शीकरांना कुठलं हवंय ते आधी त्यांनी सांगावं.

उन्हाचा_धंदा | सकाळी ९:२०

मान्य. माझ्या कॉलनीत लाईट फार जात नाही, म्हणून हे डोक्यातच आलं नाही.

लागोसचा_मराठी | सकाळी ११:०२

थोडं अवांतर. मी नऊ वर्षं नायजेरियात आहे. इथे चेंजओव्हर ही फ्रिजइतकीच घरोघरची वस्तू. एका बाजूला ग्रिड, दुसऱ्या बाजूला जनरेटर, आता इन्व्हर्टर. ग्रिडच्या जुन्या कंपनीचं नाव नेपा होतं. नाव बदलून बरीच वर्षं झाली, तरी लाईट आली की गल्लीतली सगळी पोरं एकसुरात ओरडतात, “अप नेपा!” माझा मुलगा सांगलीला आजीकडे आला होता. रात्री लाईट आली आणि हा एकटाच गच्चीवरून ओरडला. आजी धावत वर.

कामाचं एवढंच: इथे पंख्याचं रेग्युलेटर आणि पाण्याची मोटर सगळ्यात जास्त जळते ती स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर. बार्शीकरदादा, तुमचा प्युअर साइन वेव्ह आहे ना? पंखा सोलरवर गेल्यावर आवाज बदलत असेल तर शंका घ्या.

बार्शीकर_७२ | सकाळी ११:३०

प्युअर साइनच आहे, पंखा आवाज करत नाही. आजींचा किस्सा घरात वाचून दाखवला, मुलगी आता रोज ओरडणार.

पाटाचं_पाणी | दुपारी १:१५

चेंजओव्हरची कटकट हवीच कशाला? आमच्या वस्तीवर पोर्टेबल जनरेटर आहे. दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप लावलेली वायर केली. मेन पाडायचं, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटला. सगळं घर चालू. सोलरच्या इन्व्हर्टरलाही चालेल.

रानजाई | दुपारी १:४८

पाटाचं_पाणी, कृपा करून ती वायर आजच कापून टाका. मी हात जोडून सांगतेय.

माझे वडील लाईनमन होते. खांबावर चढायच्या आधी ते तारांवर अर्थिंगची साखळी टाकायचे. लाईन बंद केल्याचा निरोप आलेला असला, फ्यूज स्वतःच्या खिशात असला, तरी टाकायचेच. त्यांच्याबरोबरची तरुण पोरं म्हणायची, कशाला वेळ घालवता. एका पावसाळ्यात डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढलेले असताना साखळी टाकली आणि तारेवर निळी ठिणगी उडाली. वस्तीवरच्या एका घरात अशीच वायर लावलेली होती आणि त्या दिवशी ते मेन पाडायला विसरले होते. घरातली वीज उलटी डीपीत गेली की तिथे २३० चे ११ हजार व्होल्ट होऊ शकतात. त्या दिवशी साखळी नसती तर मी आज हे लिहिताना वडिलांना “होते” म्हणाले असते ते वेगळ्या अर्थाने. ते निवृत्त होऊन आता अंगणात भाजी लावतात.

शिवाय त्या वायरीचं एक टोक सॉकेटमधून निघालं तर उघड्या पितळी पिनांवर जिवंत करंट असतो. घरात लहान मूल असेल तर विचार करा.

टेस्टर_खिशात | दुपारी २:०५

रानजाईताईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावून ठेवावा.

आणि भर घालतो. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले गेले तर काय होतं? इन्व्हर्टरचे २३० आणि बोर्डाचे २३० एका तालात नसतात. एक वर असताना दुसरा खाली असेल, तर मधे ४६० व्होल्टचा फरक. इन्व्हर्टरचे मॉस्फेट, म्हणजे आतले पॉवर ट्रान्झिस्टर, जागेवर फुटतात. “मी आठवणीने मेन पाडतो” यावर जिथे जीव अवलंबून आहे, ती व्यवस्था चूकच. दोन्हीकडे एकाच वेळी लागूच शकणार नाही असा खटका हवा.

पाटाचं_पाणी | दुपारी ३:३०

वायर कापली. टॉप काढून ठेवले. उद्या तालुक्याला जाऊन चेंजओव्हर आणतो. ताई, वडिलांना नमस्कार सांगा.

गडहिंग्लजचा_गूळ | संध्याकाळी ६:४०

मूळ प्रश्नावर येऊ या? बार्शीकर, तुमच्या इन्व्हर्टरला बोर्डाचं इनपुट दिलंय ना? मग चेंजओव्हर त्याच्या पोटातच आहे. ही उपकरणं कायमची इन्व्हर्टरच्या आउटपुटवर टाका. कधी सोलर द्यायचं, कधी बॅटरी आणि कधी बोर्डाची लाईट आरपार सोडायची, हे तो ठरवेल. त्याचा रिले साधारण १० मिलिसेकंदात फिरतो. सुलभाताईंच्या वीसच्या आत. कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही.

माझ्या यंत्रात सेटिंग आहे तशी तुमच्यातही असेल. एसबीयू म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी बोर्ड. एसयूबी म्हणजे आधी सोलर, कमी पडलं तर बोर्ड. दुसरं सेटिंग म्हणजे बॅटरी किती व्होल्टवर आली की बोर्डावर जायचं आणि किती भरली की परतायचं. माझ्यात कंपनीकडून २३ आणि २७ होतं. २३ म्हणजे बॅटरी फारच पिळली जाते. मी २४.५ ठेवलंय. दोन आकड्यांत अंतर मात्र ठेवा. मी सुरुवातीला २५ आणि २५.५ ठेवलं होतं, रात्रभर टक्-टक्, टक्-टक्. बायको म्हणाली, पाल आहे का घरात?

लोड मोजा. फ्रिज १५०, टीव्ही ६०, कॉम्प्युटर २००, पंखे-दिवे तीनशेच्या आसपास. सातशे-साडेसातशे. २ केव्हीएला आरामात. इस्त्री, गीझर, मिक्सर त्यावर नको.

शिवारफेरी | संध्याकाळी ७:२५

गुळाचं बरोबर, पण खेड्यातली एक अडचण सांगतो. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १६० वर येतं. इन्व्हर्टर “यूपीएस” मोडवर ठेवला तर १७० च्या खाली तो बोर्डाची लाईट नाकारतो आणि बॅटरीवर जातो. लाईट असताना बॅटरी रिकामी! दुसऱ्या, म्हणजे अप्लायन्स मोडवर ठेवला तर ९० पर्यंत घेतो, पण फिरायला २० मिलिसेकंद लागतात. कॉम्प्युटर कधी तगतो, कधी नाही. आधी आठवडाभर संध्याकाळचं व्होल्टेज मोजा.

राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. त्याची बॅटरी कायम मधेच असते, फिरण्याचा प्रश्नच नाही.

बार्शीकर_७२ | मंगळवार, पहाटे ५:५०

रात्री झोप नव्हती, म्हणून आत्ता लिहितो. मुक्ताताईंनी विचारलं होतं, नेमकं काय हवंय. ते मी आधीच लिहायला हवं होतं.

वडील ८१ वर्षांचे आहेत. फुप्फुसाचं जुनं दुखणं. गुरुवारी दवाखान्यातून घरी येतायत आणि डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजन सांगितलाय. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन आणलंय, त्यावर ३५० वॅट लिहिलंय. बिलाचं जाऊ द्या. रात्री लाईट गेली आणि मशीन थांबलं, आणि मला जाग आली नाही तर? एसबीयू लावलं की झालं का?

गडहिंग्लजचा_गूळ | सकाळी ६:२०

नाही! माझा सल्ला उलटा करा. हिशेब घाला: १२ गुणिले १५० गुणिले २ म्हणजे ३६०० वॅट-तास. निम्मंच वापरायचं म्हटलं तर १८००, त्यातलं इन्व्हर्टर खातो ते वजा जाता १५०० धरा. मशीन ३५० आणि दोन पंखे १५०, झाले ५००. तीन तास. एसबीयूवर ठेवलं तर रात्री नऊला सुरू केलेलं बाराच्या सुमारास बोर्डावर येईल, आणि एकला लाईट गेली की बॅटरीत काही नाही.

रात्री बोर्ड आधी, असं ठेवा. बॅटरी भरलेली राखायची, लाईट गेली तरच लागेल. एकट्या मशीनला मग चार तास मिळतात, पंखे बंद ठेवून. सोलर-आधीची मजा दिवसा.

सुलभा_नाशिक | सकाळी ७:०५

दादा, धीर धरा. मशीनलाही कॉम्प्रेसर असतो, तेव्हा त्याच्यासाठी हाताचा खटका मधे नकोच. थेट इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, स्वतंत्र सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. आणि गुरुवारच्या आत एकदा रात्रीच तालीम करा: मशीन चालू ठेवून मेन पाडा, ते थांबतं का, अलार्म वाजतो का, घड्याळ लावून किती वेळ चालतं, हे डोळ्यांनी बघा. कागदावरचा हिशेब जुन्या बॅटरीला लागू होत नाही.

रानजाई | सकाळी ७:३०

आणि भरलेला सिलिंडर घरात पाहिजेच. यंत्रावर यंत्र किती रचणार? सिलिंडरला लाईट लागत नाही. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात घरात असा रुग्ण असल्याचं लेखी देऊन ठेवा, दुरुस्तीसाठी लाईन बंद करायची असेल तर निदान निरोप मिळावा अशी विनंती करा.

खडीसाखर | सकाळी ७:३४

काकांना लवकर बरं वाटो.

बार्शीकर_७२ | अठरा दिवसांनी, रात्री १०:२०

काय केलं ते सांगतो.

जुना चेंजओव्हर काढला. न्यूट्रल सोडवून स्वतंत्र केला आणि दोन पोलचा रोटरी बसवला. ईएलसीबी त्या दिवसापासून एकदाही पडला नाही, जुनाच आहे. फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर. रोटरी आता फक्त इन्व्हर्टर बिघडला तर सगळं बोर्डावर घ्यायला. रोज फिरवायचा नाही. मुलीने डब्यावर नेलपॉलिशने लिहिलंय: “शून्यावर पाच मिनिटं थांबा.”

सकाळी साडेदहाला एसयूबी, रात्री आठला बोर्ड आधी. हे मीच बटणं दाबून करतो, दोन मिनिटांचं काम. व्होल्टेज आठवडाभर मोजलं, रात्री नऊनंतर २१० च्या वरच असतं, म्हणून यूपीएस मोड.

तालीमही केली. मशीन आणि एक पंखा धरून बॅटरी दोन तास चाळीस मिनिटं चालली. म्हणजे बॅटऱ्या थकल्यात, दिवाळीच्या आधी बदलणार. तोवर मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा आहे, भिंतीला साखळीने बांधून.

परवा वळवाचा पाऊस झाला. रात्री दोन-वीसला लाईट गेली. मला जाग आली ती मशीनने नाही, बाबांनी हाक मारली म्हणून. “अरे, समोरचा रस्त्यावरचा दिवा गेला की. लाईट गेली काय?” मशीन चालूच होतं, त्यांना कळलंच नव्हतं. मी इन्व्हर्टरसमोर खुर्ची टाकून व्होल्टचा आकडा बघत बसलो. तीन-पस्तीसला लाईट आली. आतल्या खोलीतून मुलगी झोपेत पुटपुटली, “अप नेपा.”

लागोसचा_मराठी | रात्री १०:४१

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

टेस्टर_खिशात | रात्री १०:५०

काम चोख झालंय. नव्या वायरींचे स्क्रू महिन्याने एकदा परत आवळा, मेन पाडून, इन्व्हर्टरही बंद करून आणि रोटरी शून्यावर ठेवून. तांबं बसतं, मग सैल होतं.

रानजाई | रात्री ११:०२

सिलिंडरचा पाना सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा. अंधारात तोच सापडत नाही.

बार्शीकर_७२ | रात्री ११:०६

आत्ताच बांधला.